चालणारा कोंडा

काउंटरच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, पाठ ताठ करायची आणि विचारायचं, "रिपोर्ट काय?"

साताऱ्यात एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं मेडिकल दुकान आहे. सकाळी नऊला मी शटर वर करायचो आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी ही टकटक व्हायची. इस्त्रीचा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढऱ्या मिशा आणि हातात वर्तमानपत्राची सुरळी. हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. दूधवाल्याला, भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना, माझ्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "ठीक आहे" असं उत्तर आलं तर "मंग ठीक" म्हणून पुढे जायचे. पण कुणी चुकून "जरा गुडघा दुखतोय" म्हटलं की तो माणूस सापडला. कवापास्नं, कुठला, चढताना का उतरताना, सगळी चौकशी पुरी झाल्याशिवाय सुटका नाही. तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल. नसेल तर तुमचं नशीब म्हणायचं की दुर्दैव, हे मला आता सांगता येणार नाही.

साताऱ्यात निवृत्त फौजी काही कमी नाहीत, आणि लोक त्यांना एक पायरी चढवूनच हाक मारतात. नाईक असेल तर हवालदार, हवालदार असेल तर सुभेदार. यांना कुणी सुभेदार म्हटलं की ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. "सुभेदार न्हाई, हवालदार. जेवडं हाय तेवडंच म्हना." एका लग्नाच्या पत्रिकेवर त्यांच्या नावामागे सुभेदार लिहून आलं, तर ती पत्रिका घेऊन ते लग्नघरी गेले, नवरदेवाच्या वडिलांकडून पेनाने खोडून घेतलं आणि मग आमंत्रण स्वीकारलं. तेव्हापासून आम्ही सगळे त्यांना हवालदारच म्हणू लागलो.

मला मात्र सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. औषधं विकायचा परवाना आहे माझ्याकडे, एवढंच. पण "डॉक्टर, पोटात मुरडा येतोय", "डॉक्टर, पोराला ताप आलाय", असं म्हणत माणसं येतात आणि मी मागच्या कप्प्यातून गोळी काढून देतो. पंचवीस वर्षांत मी एकालाही दुरुस्त केलं नव्हतं. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. हवालदारही मला डॉक्टरच म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडून ते जास्तच बरं वाटायचं, कारण हा माणूस उगाच कुणाला वर चढवत नाही हे मला ठाऊक होतं.

ते मूळचे माण तालुक्यातले. वडील मेंढरं राखायचे. गावाकडे चारा संपला की अख्खं घर कळपाबरोबर बाहेर पडायचं, आणि चार-चार महिने कृष्णाकाठच्या शेतांमधून फिरायचं. अठराव्या वर्षी हे पलटणीत गेले. बायको निवृत्तीनंतर चार वर्षांत गेली. मुलगा सांगलीला नोकरीला, विश्रामबागेत त्याचा फ्लॅट. "या की आमच्याकडं राहायला" असं तो दर महिन्याला म्हणायचा आणि हे दर महिन्याला एसटीने जाऊन दोन दिवस राहून परत यायचे. वडिलांकडून आलेल्या दोनच गोष्टी त्यांच्याकडे उरल्या होत्या. एक काळं घोंगडं, आणि दुसरी म्हणजे जनावराकडे बघायची नजर. रस्त्याने गाय गेली तरी ते थांबून बघत आणि म्हणत, "उजव्या पुढच्या पायात काय तरी रुतलंय." आणि खरंच काहीतरी रुतलेलं असायचं.

"जनावर बोलत न्हाई, डॉक्टर," ते म्हणायचे. "मंग आपन बगायचं."

त्यांच्या आज्ञाधारकपणाचे किस्से गल्लीत प्रसिद्ध होते. त्यांना मी रक्तदाबाची गोळी द्यायचो. डॉक्टरांनी जेवणानंतर सांगितलेली. एका एकादशीला टकटक झाली आणि हे म्हणाले, "आज जेवन न्हाई. गोळीचं काय?" राजगिऱ्याचा लाडू खाऊन घेतली तरी चालेल, असं मी सांगेपर्यंत ते पायरीवरून हलले नाहीत. आणखी एकदा मी त्यांना म्हटलं, "हवालदार, जरा बसा, पाच मिनिटांत आलोच," आणि बँकेत गेलो. तिथे कुणीतरी भेटलं, चहा झाला, गप्पा झाल्या. दीड तासाने आठवण होऊन पळत आलो तर हे स्टुलावर तसेच ताठ. उन्हाची तिरीप तोंडावर आलेली, तरी स्टूल सरकवलेलं नाही.

"आवं, जायचं की घरी," मी म्हटलं.

"बसा म्हनलासा. उठा कोन म्हनलं?"

आम्ही हे महिनाभर एकमेकांना सांगून हसत होतो. तेव्हा हसायचीच गोष्ट वाटली होती ती.

ससा आला तो दिवाळीनंतर. नात सहावीत होती. तिने हट्ट करून पांढरा ससा घेतला, त्याचं नाव चिरमुरा ठेवलं, आणि आठ दिवसांत सशाच्या केसांनी तिची आई शिंकून शिंकून हैराण झाली. एका घरात आई आणि ससा दोघांनी राहणं शक्य नव्हतं. मग आजोबांनी ससा साताऱ्याला न्यायचा, रोज संध्याकाळी फोनवर दाखवायचा आणि मे महिन्याच्या सुट्टीत नात साताऱ्याला येऊन महिनाभर त्याच्याबरोबर राहणार, असा तह झाला. नातीने निघताना बजावलं होतं, "आजोबा, मी येईपर्यंत त्याला काही होऊ द्यायचं नाही." हवालदारांनी सलाम ठोकून "व्हय साहेब" म्हटलं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं, दोनदा.

सांगलीहून येताना एसटीत भाजीच्या पिशवीतून एक कान बाहेर आला आणि कंडक्टरने विचारलं, "आजोबा, ह्ये काय?" हवालदार म्हणाले, "जवान हाय. पोस्टिंगवर चाललाय." उंब्रजला गाडी थांबली तेव्हा सशाला भूक लागली असेल म्हणून हे खाली उतरून कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. निवडून, देठ मोडून, एकेक काडी पिशवीत सोडेपर्यंत ड्रायव्हरने गाडी सुरू केली नाही म्हणे. चिरमुरा हे नाव फौजी माणसाच्या तोंडी बसेना, म्हणून ते त्याला जवानच म्हणत. नात फोनवर आली की मात्र "तुझा चिरमुरा" म्हणायचे, जरा लाजून.

त्या फोनवर पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "रिपोर्ट काय?" सवय रक्तातूनच उतरली होती. मग हे ससा कॅमेऱ्यासमोर धरायचे. किती खाल्लं, किती वेळ उंडारला, पाय किती वेळा आपटला, सगळं क्रमाने सांगायचे. कधी ते दुकानात असतानाच तिचा फोन आला तर ससा घरी म्हणून मलाच कॅमेऱ्यासमोर उभं करायचे. "ह्ये आमचं डॉक्टर," असं सांगायचे.

शिमग्याच्या आधी एक दिवस टकटक झाली, पण रिपोर्ट त्यांनी विचारला नाही, दिला. "जवान खाजवतोय. मानंवर कोंडा झालाय, केस जायला लागल्यात."

मी फोटो बघितला. मानेवर आणि पाठीवर पांढरी खपली, मधे गुलाबी कातडी.

"घोंगड्यावर घेऊन फनीनं विंचारला," ते आवाज खाली आणून म्हणाले. "काळ्यावर बरं दिसतं. उनात धरून बगितलं. डॉक्टर, कोंडा चालतोय."

"काय चालतोय?"

"कोंडा. हळूहळू, पर चालतोय. त्यो कोंडा न्हाई, किडं हायती. मेंढराला असंच व्हतं. आमचा बा आदी असाच घोंगड्यावर बगायचा."

आता इथे मी काय केलं ते नीट सांगायला हवं. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. मी मोठ्याने हसलो. "हवालदार, कोंडा चालायला लागला म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," असं म्हणालो. गिऱ्हाईकं हसली. मग मी जरा भारदस्त आवाज काढून म्हटलं, "हा नायटा आहे. घामट जागी होतो. माणसाला होतो तसाच जनावराला." घामट जागा सशाच्या मानेवर कुठून आली, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही मला विचारलं नाही.

"जनावराच्या डॉक्टरला दावू का?" त्यांनी विचारलं.

"कशाला? एवढ्याशा गोष्टीला तिकडे रांगेत बसणार? मी आहे ना." आणि मी ती ट्यूब काढली. तुम्हीही ती कधीतरी घेतली असेल. खाज म्हटलं की आम्ही दुकानदार जी हातावर ठेवतो, तीच. तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात, त्यात स्टिरॉइडही असतं, त्यामुळे काहीही झालेलं असो, चार दिवसांत बरं वाटतं. चार दिवसांत बरं वाटलं की गिऱ्हाईक दुकानदाराचं नाव काढतं.

ते ट्यूबकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तोंडी नको. लिवून द्या."

मी ट्यूबच्या खोक्याची वरची पट्टी फाडली आणि तिच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "सकाळ-संध्याकाळ लावणे. मध्ये बंद करू नये." गंमत म्हणून खाली सही केली आणि दुकानाचा शिक्काही मारला. त्यांनी ती पट्टी वाचली, दुमडली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. किती दिवस लावायचं, ते मी लिहिलं नाही. ससा दिवसभर स्वतःचं अंग चाटत असतो, हे मला माहीत नव्हतं. शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं.

आठवड्यात खाज थांबली. हवालदार खूश. मी त्यांच्याहून खूश. "बघितलंत? कोंडा चालायचा थांबला ना?" मी विचारायचो. ते म्हणायचे, "तुमी म्हनता तर थांबला आसंल." तिसऱ्या आठवड्यात पुन्हा खपल्या आल्या, या वेळी कानांपर्यंत. मी त्यापेक्षा कडक ट्यूब दिली. "हेच पुढे चालू ठेवा," म्हटलं. त्यांनी ठेवलं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, एकही वेळ न चुकवता. एकदा सांगलीला जायचं होतं, तर ससा आणि ट्यूब दोन्ही पिशवीत घालून गेले, सुनेच्या शिंका सोसल्या, आणि उंब्रजच्या स्टँडवर उतरून संध्याकाळच्या सहाची वेळ पाळली. हुकूम लेखी होता ना.

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "डॉक्टर, जवान वाळाय लागलाय. अंग हलकं लागतंय. चालू ठेवू का?"

मी बिलं लिहीत होतो. मान वर न करता म्हटलं, "उन्हाळा आहे. ठेवा चालू."

ज्या शनिवारी नात येणार होती, त्याच्या आधीच्या गुरुवारी टकटक झाली तेव्हा त्यांच्या हातात फळांचं खोकं होतं. आत फडक्यावर ससा. दोन दिवस त्याने काही खाल्लं नव्हतं. डोळे अर्धे मिटलेले, आणि हाताने उचलला तर वजन नाहीच. मी प्रथमच त्याला प्रत्यक्ष बघत होतो. एवढ्या दिवसांत मी त्यांच्या घरी दोनशे पावलं चालून गेलो नव्हतो.

मी शेजारच्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्ही रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ससा टेबलावर घेतला, बारीक फणीने पाठ विंचरली, निघालेला कोंडा काळ्या कागदावर झटकला आणि तो कागद आमच्यासमोर खिडकीच्या उजेडात धरला.

"दिसतंय का? कोंडा चालतोय," त्या म्हणाल्या. "हे किडे आहेत. सशांना होतात, साधा त्रास आहे. पंधरा-पंधरा दिवसांनी दोन-तीन इंजेक्शनं दिली की संपतो. आधी का नाही आणलंत?"

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी म्हटलं नव्हतं का" असं त्यांच्या तोंडावर कुठे दिसतंय का, ते मी बघत होतो. दिसलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग बाईंनी बोटं एकमेकांवर घासली. "अंगाला हे चिकट काय लावलंय?"

हवालदारांनी ट्यूब पुढे केली. ती वाचून बाईंचा चेहरा बदलला. "अहो, यात स्टिरॉइड आहे. हे चाटून चाटून सगळं याच्या पोटात गेलंय. सशाला हे सोसत नाही, पोट बंद पडतं, अंगातली ताकद जाते. किती दिवस लावताय?"

"दोन म्हयनं झालं."

"दोन महिने? कुणी सांगितलं तुम्हाला?"

हवालदारांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मी तो हात बघितला. खिशात ती पट्टी होती हे मला ठाऊक होतं, कारण इस्त्रीच्या खिशातून तिचा दुमडलेला कोपरा दिसत होता. हात खिशावर थांबला, खिसा जरा चाचपला आणि रिकामाच खाली आला.

"कुनी न्हाई, सायेब. माजं मीच लावलं. अडानी मानूस."

भिंतीवर देशी गाईंच्या जातींचा तक्ता होता. खिलार, गीर, देवणी, डांगी. मी तो तक्ता वाचत होतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. बाई पाच मिनिटं त्यांना बोलत होत्या, मनाला येईल ते औषध लावायची तुमची हिंमत कशी होते, मुकं जनावर म्हणून काहीही करायचं का. आणि तो माणूस सावधान उभा राहून "व्हय सायेब, चूक झाली" म्हणत होता. माझं तोंड उघडलं नाही. दोन शब्दांचं काम होतं, "मी सांगितलं."

बाईंनी एक इंजेक्शन दिलं, पण आता भरवसा देता येत नाही म्हणाल्या. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "दुकान सोडून आलासा, डॉक्टर. लय उपकार झालं."

शुक्रवारी सकाळी काचेवर एकदाच टक झालं. मी बघितलं.

"गेला," ते म्हणाले. "धा मिन्टं झाली."

वडिलांच्या घोंगड्याचा कोपरा त्यांनी कात्रीने कापला होता. त्यात गुंडाळून परसातल्या पेरूखाली पुरला. मी खड्डा खणायला मदत केली. निदान खणायला तरी हात पुढे झाला माझा.

शनिवारी संध्याकाळी मी बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. रस्त्याने वाक्यही जुळवलं होतं. फाटकात पोचलो तर अंगणात रिकाम्या पिंजऱ्यापाशी नात बसलेली, आणि तिच्यासमोर हवालदार उभे. एखादा जवान साहेबासमोर उभा राहतो तसे, दोन्ही हात मांड्यांना लावून.

"चूक माजी हाय," ते तिला सांगत होते. "मला दिसत हुतं किडं हाय म्हनून. तरी मी दुसरंच लावलं. माज्या हातनं गेला."

पोर रडत नव्हती. रडून झालं असावं. ती म्हणाली, "तुम्ही मला सलाम करून सांगितलं होतंत. आता माझ्याशी बोलू नका."

त्यांनी मान हलवली, एवढंच. मी फाटकाबाहेर पुडा हातात धरून उभा होतो. आजोबा-नातीचं भांडण आहे, दोन दिवसांत मिटेल, आपण मधे कशाला पडा, असं मी मनाशी म्हटलं आणि आल्या पावली परत गेलो. पुडा घरी पोरांनी खाल्ला.

सोमवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी पुन्हा टकटक झाली. "रिपोर्ट काय?" जणू काही झालंच नाही. तसंच पुढे चालू राहिलं. एकदा दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मी धीर करून सुरुवात केली, "हवालदार, त्या ट्यूबचं..." त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. ह्या दुकानावर मानसांचा भरवसा हाय, डॉक्टर. बाया पोरं काखंला मारून येत्यात तुमच्याकडं. त्यो मोडाय नगं."

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं खरं. ते मला अजूनही डॉक्टर म्हणत होते, आणि त्या दिवशीही मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळचे फोन बंद झाले होते. महिन्याचं सांगलीला जाणं चालू होतं, पण तिकडचं काही सांगायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "पोरगी बरी हाय. अभ्यासात लय हुशार." मला वाटलं, मिटलं असेल.

जवळजवळ दोन वर्षांनी, गेल्या थंडीत, एका सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. मी गिऱ्हाईकं तशीच सोडून गेलो. ते फिरून येऊन बूट काढून खुर्चीत बसले होते, वर्तमानपत्र मांडीवर. त्याची घडीही मोडलेली नव्हती.

तेराव्यानंतर मुलगा घर आवरायला आला, बरोबर नात. आता आठवीत. दुपारी ती एकटीच दुकानात आली. काचेवर एक पट्टी ठेवली. दुमडून दुमडून घडीवर पांढरी पडलेली, पण अक्षर नीट वाचता येत होतं. सकाळ-संध्याकाळ लावणे. मध्ये बंद करू नये. खाली सही, शिक्का.

"आजोबांच्या पेन्शनच्या कागदांत होती," ती म्हणाली. "काका, हे अक्षर तुमचं ना?"

माझ्यामागे औषधांच्या भिंती होत्या आणि समोर ती पोर. शेकडो लोकांना लिहून देतो, काय लक्षात राहणार, असं म्हणता आलं असतं. पण तिचे डोळे त्यांचेच होते, बघणारे. मी सगळं सांगितलं. चालणारा कोंडा सांगितला, चष्म्याचा विनोद सांगितला, लोक हसले ते सांगितलं. दवाखान्यात त्यांचा हात खिशापर्यंत गेला आणि रिकामा आला, तेही सांगितलं. मी डॉक्टर नाही, हेसुद्धा सांगितलं. मधे एक बाई "डॉक्टर, सर्दीची गोळी" म्हणत आल्या, त्यांना थांबायला सांगितलं, आणि त्यांनीही ते सगळं ऐकलं.

तिने पट्टी उलटून खोक्याची छापील बाजू बघितली.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली," मी म्हटलं. दुसरं काही नव्हतंच सांगायला.

"मी त्यांना म्हटलं होतं, माझ्याशी बोलू नका." ती हळू बोलत होती. "ते खरंच बोलले नाहीत, काका. घरी यायचे, माझ्यासाठी पेरू आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि बाबांना विचारायचे, पोरीचा रिपोर्ट काय? मी तिथेच बसलेली असायचे. पहिल्यांदा मला राग होता. मग राग गेला, पण मला वाटलं, आजोबा आपणहून बोलतील. ते आपलं माझ्याकडं बघत बसायचे, मी काही म्हणेन म्हणून."

मला दीड तास उन्हात बसलेला तो माणूस आठवला. बसा म्हनलासा, उठा कोन म्हनलं?

"मी त्यांना बोला म्हणायलाच विसरले," ती म्हणाली.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला, सामान घेऊन तिचे बाबा आले होते. तिने पट्टी पुन्हा जुन्या घडीवर दुमडली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. ती बसली, रिक्षा निघाली. मागच्या बाजूला पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यावर दोरीने बांधलेला सशाचा पिंजरा. दोन वर्षं तो रिकामा होता, आणि तरी आदल्या दिवशीच धुऊन पुसून ठेवल्यासारखा लख्ख दिसत होता.